चालणारा कोंडा

४ मार्च, सकाळी
डोकं खाजतंय. कोंडा असणार. माझ्यासारखे दाट केस असले की एवढं सोसावं लागतंच. उद्यापासून रोज शाम्पू.

५ मार्च
शाम्पू राहिला. पंपावर हेल्मेटशिवाय पेट्रोल देत नाहीत. नेहमीप्रमाणे रांगेतल्या एकाचं मागून घेतलं आणि डोक्यावर चढवलं. शी! आत घामाने ओलंचिंब, वर खोबरेलाचा वास. नाशिकमध्ये स्वच्छता उरलीच नाही. स्वतःचं मात्र घेणार नाही. हेल्मेटने केस गळतात.

८ मार्च
कंगव्यातून पडलेला कोंडा बेसिनवर चालला. पंख्याची हवा असावी. पंखा बंद केला. तरी चालला.

९ मार्च, रात्री
नेटवर वाचलं. केस म्हणजे केराटिन. बाहेर दिसतो तो मेलेलाच, जिवंत फक्त मूळ. म्हणजे डोक्यात जिवंत काही फिरणं शास्त्रानुसार अशक्य. बायकोला नीट समजावलं. इंदिरा उशी उचलून मुलीच्या खोलीत झोपायला गेली. तिला सायन्स कळत नाही.

११ मार्च
ठीक आहे, उवा आहेत. पण माझ्या नव्हेत, आलेल्या आहेत. आणि कुठून, हे उघड आहे. कलाबाई! बारा वर्षं आमची धुणीभांडी करतात. केवढा तो अंबाडा, आत काय काय असेल! उद्यापासून येऊ नका म्हणून तोंडावर सांगितलं. साहेब, माझं डोकं बघा तरी, म्हणाल्या. मी कशाला हात लावू?

१३ मार्च
गंगापूर रोडला स्किनच्या डॉक्टरकडे सगळे गेलो. डॉक्टरबाईंनी भिंगातून माझं डोकं पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. कानामागे लिखांची रांग आहे म्हणे. इंदिरा आणि मुलगी यशश्री, दोघींची डोकी साफ. दुसऱ्याचं हेल्मेट वापरता का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. इंदिरा हो म्हणाली. लोशन आणि बारीक फणी घेऊन आलो.

१५ मार्च
मागचं दिसत नाही, फणी फिरवणार कशी? इंदिरेला किळस येते. नवऱ्याची! कलाबाईंना मोठ्या मनाने परत बोलवायचं ठरवलं. माफी मागायची वेळ येऊ नये. खूशच होतील.

१६ मार्च
कलाबाई बी विंगमध्ये कामाला लागल्यात. तिथे गेलो. नाय यायची साहेब, म्हणाल्या. तुम्ही उवांवरून काढलं म्हटल्यावर नव्या बाईंनी जिन्यात बसवून, चार जणींसमोर डोकं तपासलं, मग घरात घेतलं. बारा वर्षांत एवढं लाजल्यासारखं कधी नाय झालं.
हात नेमका तेव्हाच डोक्याकडे गेला. कलाबाई दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.