बेडकांसकट तळे

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर संसार ओढलेली विधवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. धाकट्या जावेने ते दोनदा वाचावं.

राहतं घर मुलाला. शिवणयंत्र सुनेला, तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, हे मी तोंडाने कधी बोलले नाही. मोठी कात्री जावेला मुळीच देऊ नये. तिने त्या कात्रीने एकदा पत्रा कापला होता.

आता परसातलं तळं. पुतण्याला ते बुजवून गाडीसाठी शेड बांधायची आहे. माझ्याच टेपने, माझ्यादेखत त्याने मापं घेतली. ती टेप त्याला द्यावी. तळं मिळणार नाही.

सदर तळे, त्यातील बेडूक, चतुर, पाणकोंबड्या व काठच्या पाणकणसांसह, मी शेजारच्या निवृत्त स्टेशनमास्तरांना देत आहे. बेडकांच्या आवाजाविरुद्ध दर पावसाळ्यात कचेरीत अर्ज करतात ते हेच गृहस्थ. घरच्यांना वाटेल, म्हातारीचं काहीतरी बिनसलं.

तर ऐका. पुतण्याने एकदा डासांचं निमित्त करून तळ्यात रॉकेल ओतलं. बेडूक गप्प झाले. दोन-चार दिवसांनी मास्तर दारात उभे. “बाई, ओरडत का नाहीत ते? मला झोप लागत नाही.” मी तळं दाखवलं. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझ्या दुकानातल्या चिंध्यांनी दिवसभर पाण्यावरचा तवंग टिपत राहिले. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा अर्ज पुन्हा गेल्याचं कळलं, तेव्हा मला रडूच आलं. बेडूक परतले होते.

अटी: काठ सिमेंटने बांधू नये. शोभेचे मासे सोडू नयेत. पाणकोंबडीची पिल्लं मोठी होईपर्यंत पाणकणसांना कोयता लावू नये.

साक्षीसाठी मास्तरच पेन उघडून बसले होते. वकील म्हणाले, “ज्याला मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये.”

“मला काय मिळतंय?”

वकिलांनी वाचून दाखवलं. मास्तरांनी पेनाला टोपण लावलं, खिडकीतून तळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “मग आता मी तक्रार कुणाविरुद्ध करायची?”

म्हणून हे शेवटचं कलम. बेडकांविरुद्ध तक्रार करण्याचा मास्तरांचा हक्क अबाधित राहील. आणि ज्या पावसाळ्यात त्यांची तक्रार येणार नाही, त्या पावसाळ्यात माझ्या मुलाने हातातलं काम टाकून तळ्यावर जावं व काय झालं ते पाहावं.

ठिकाण: तळ्याकडची शिवणखोली
तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे तीच
लिहून देणार: शिवणवाल्या बाई (सही)
साक्षीदार: १. डॉक्टर (सही)
२. समोरचे इस्त्रीवाले (सही, मास्तरांच्या पेनाने)