निळी खार

प्रिय छोट्या,

मिशा पिकायला लागल्या तरी माझ्यासाठी तू छोट्याच, तेव्हा आठ्या घालू नकोस. बातमी ऐक. छापखान्यात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर तुझ्या ताईने आता स्वतः चुका करायचं काम घेतलंय. मुलांचं एक पुस्तक आलंय, एका खारीची गोष्ट. चित्रं दोनच शायांत छापायची, विटकरी आणि निळ्या. आमचे चित्रकार मध्येच दुसरीकडे नोकरीला गेले आणि मालकांनी विचारलं, कॉम्प्युटरवर कोण बसून बघतंय? मला नसत्या उठाठेवींची हौस, तुला ठाऊकच आहे.

मी एक नमुना केला. खार विटकरी, आभाळ निळं, आणि ऐटीत फाइल पाठवून दिली. मशीनवाल्या काकांनी ती आल्या पावली परत पाठवली. त्यांना रंगवलेलं चित्र नको होतं, प्रत्येक शाईचा वेगळा थर हवा होता. मग मी त्या प्रोग्राममध्ये सगळं उघडून बघत बसले आणि काय सापडलं सांगू? दोन्ही थर काळेच असतात. खार काळी, आभाळ राखाडी. काळं असेल तिथे शाई भरपूर, राखाडी असेल तिथे शाईचे बारीक ठिपके, पांढरं असेल तिथे कोरा कागद. शाई किती लावायची एवढंच थर सांगतो, रंग मशीनजवळच्या डब्यात असतो. रोज त्या मशीनच्या शेजारी चहा पिते मी, पण हे विचारावंसं कधी वाटलं नव्हतं. आता मात्र चैन पडत नाही. भाजी चिरतानासुद्धा बघते, या पडद्याचा काळा थर कसा दिसेल, या खुर्चीचा कसा.

पुढची गंमत अशी, की मी थरांना नुसतं एक आणि दोन असं नाव दिलं, शाई कुठली ते लिहिलंच नाही. काकांनी आपल्या अंदाजाने डबे लावले आणि कागद बाहेर आला तो निळी खार आणि विटकरी आभाळ घेऊन. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण मालक तो कागद लांब धरून कितीतरी वेळ बघत राहिले आणि त्यांनी तो दाराशेजारच्या भिंतीला चिकटवला. आता जो येतो तो तिथे थांबतो. कोणी हसत नाही.

तो बघताना मला तुझं झाड आठवलं. हिरवं खोड, तपकिरी पानं. चित्रकलेच्या बाईंनी ते वर्गापुढे उंच धरलं होतं आणि सगळा वर्ग खो-खो हसला होता. तुला ते दोन रंग सारखेच दिसतात, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं, पण तोवर तू रंगपेटी शेजारच्या मुलीला देऊन मोकळा झाला होतास. त्या खोडावरच्या सालीच्या भेगा तू कशा काढल्या होत्यास, ते कोणी बघितलंच नाही. आता तू कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढतोस आणि चित्रांचा विषय निघाला की कप उचलून गॅलरीत जातोस. मला त्याचं फार वाईट वाटतं. आज लिहूनच टाकते.

तर मुद्द्याचं. थर करणं मला जमलं, पण चित्र काढणं या जन्मात जमायचं नाही. माझी खार म्हणजे वांग्याला लावलेला झाडू. मालकांना मी तुझं नाव सुचवलंय आणि डोळ्यांचंही सांगितलंय. ते म्हणाले, डब्यांचं आम्ही बघू, त्यांना फक्त काढू दे. महिनाअखेरीला छपाई आहे, आणि तू नाही म्हणालास तर माझी वांगीच छापली जातील. सोबतच्या फाइलीत दोन थर आहेत, दोन्ही रिकामे. पहिल्या पानावर खारीचं झाड हवंय. एका थरात खोड, दुसऱ्यात पानं. कुठल्या थराला कुठली शाई, ते या वेळी मी नीट लिहीन. तू भेगा काढ.

तुझीच,
वांगीवाली ताई