दादाच्या अंगातली देवी

आर्वी, १७ फेब्रुवारी १९५७

ती. स्व. दादाचे सेवेशी,
प्रेमदासचा जयभीम व सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. वच्छला म्हणते, ठेचा खावा तर वडनेरच्या जिजावहिनींच्या हातचा, बाकी सगळा मास्तरी ठेचा. घरात मास्तर मी एकटाच, तेव्हा टोमणा कोणाला ते तुम्ही ओळखलंच असेल.

पत्राचं कारण वेगळं आहे. आमच्या शेजारी मोतीलाल म्हणून कारकून राहतात. लढाईत तेही ब्रह्मदेशात होते. ते सांगतात की फौजेचं अपंगत्वाचं पेन्शन फक्त हातपाय गेलेल्यांना नसतं. आघाडीवर ज्याचं मन मोडलं त्यालाही ते मागता येतं, डॉक्टरांकडे त्या आजाराला नाव आहे. सुटून येण्याआधी तुम्ही चार महिने फौजी दवाखान्यात होता, हे तुमच्या डिस्चार्ज बुकात लिहिलेलं आहेच. कापसाच्या जिनातल्या यंत्रांच्या घरघरीने तुमची हिंगणघाटची नोकरी सुटली, वहिनी दुसऱ्याच्या वावरात निंदण करतात, आणि हक्काचं मागायला आपण लाजायचं, हे मला पटत नाही. बुक पाठवा, अर्ज मी लिहितो.

तुमच्या अन्नपूर्णेच्या सोयरिकीचं केळझरहून काय उत्तर आलं ते कळवावे. धाकट्यावर माया आहेच, ती आटू देऊ नये.

आपला,
प्रेमदास

वडनेर, ३ मार्च १९५७

चि. प्रेमदास यास नत्थूचा अ. उ. आ.

तुझं पत्र पावलं. दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवलं, पोरीच्या हाती लागू नये म्हणून. केळझरवाल्यांनी होकार दिला आहे. त्यांना माझं काही माहीत नाही.

तू शिकलास, पण बाबा, लाज कुठे ठेवलीस? माझ्या पलटणीतल्या गुलाबचा पाय ब्रह्मदेशात राहिला. त्याने पेन्शन मागितलं, त्याला शोभलं. माझं सगळं जागच्या जागी आहे. तोफा सुरू झाल्या तेव्हा मी खेचरगाडीखाली शिरलो. हवालदाराने पाय धरून ओढलं तरी निघालो नाही. तुमान ओली झाली होती. हे तू अर्जात कुठे लिहिशील?

मागची दहा वर्षं निभावून गेली. अंग कापायला लागलं की लोक म्हणायचे देवी आली. कुंकू लावायचे, नारळ ठेवायचे, पाऊसपाणी विचारायचे. मी काहीबाही बोलून द्यायचो. दीक्षा घेतल्यावर तू पुढे होऊन सगळ्यांचे देव नदीत सोडलेस, तेव्हा वाटलं, हेही त्यांच्याबरोबर वाहून जाईल. पण गेलं नाही. मागच्या महिन्यात नानाजीच्या मुलाच्या लग्नात फटाके वाजले आणि मी वऱ्हाडाच्या बैलबंडीखाली. बाहेर आलो तर नानाजी लोकांना म्हणून राह्यला होता की नत्थ्यानं घरात देव दडवला असंन, नाई त अंगात काऊन येते? दुसऱ्या दिवशी चौघांनी येऊन आमची ज्वारीची कणगी उपसून पाहिली. जिजा कोपऱ्यात उभी होती. काही सापडलं नाही. ते गेल्यावर ज्वारी मीच परत भरली.

डिस्चार्ज बुक तुझ्या वहिनीने पाकिटात घातलं आहे, मी नाही. सौ. वच्छलेस आशीर्वाद.

तुझा,
नत्थू

आर्वी, २० ऑगस्ट १९५७

ती. स्व. दादाचे सेवेशी जयभीम व सा. न. वि. वि.

नागपूरच्या डॉक्टरांपुढे तुम्ही उभे राहिलात, याचं मला फार बरं वाटलं. डॉक्टर भित्रा म्हणाले नाहीत, हे तुम्ही परतताना स्टेशनवर मला तीनदा सांगितलंत. मी चहा आणायला गेलो होतो तो चहासाठी नाही, डोळे पुसायला.

आता गावात चौकशी होईल. तुमचा त्रास फौजेतून आल्यापासूनचा आहे, एवढंच त्यांना गावकऱ्यांकडून ऐकायचं आहे. तेव्हा गावाने खरं ते सांगावं, आणखी काही करायला नको. इथे कपाशीची पऱ्हाटी चांगली आहे. वहिनींना नमस्कार. राग आला तरी पत्र धाडत जावे, ही विनंती.

आपला,
प्रेमदास

वडनेर, १२ जानेवारी १९५८

प्रेमदास भाऊजीले जिजाबाईचा जयभीम.

मी सांगून राह्यली अन् अन्नपूर्णा लिहून राह्यली. तिच्यापासून आता काई लपवाचं राह्यलं नाई.

कागद आला. अर्ज नामंजूर झाला. कापूस येचाच्या दिवसात चौकशीवाला आलता, चावडीत बसला. नानाजीनं त्याले सांगतलं का नत्थू पागल नाई, चांगला माणूस हाय, पयले त्याच्या अंगात देवी येत होती, कोणालेई पुसा. बाकीच्यायनंबी तेच सांगतलं. कणगी उपसल्याचं नानाजीच्या मनाले लागलं होतं. आमच्या पोरीची सोयरीक मोडू नाई, बापाले कोणी येडा म्हणू नाई, म्हणून तो बोलला. त्यानं भल्यासाठीच केलं. पण कागदात लिहून आलं का हा तरास लढाईचा नाई, देवाधर्माचा हाय.

भाऊजी, ते देवी पयल्यांदा कोणी आणली? तुमच्या सोयरिकीले पाव्हणे आलते. बाजूच्या इहिरीत सुरुंग उडाला अन् हे पाव्हण्यायच्या बंडीखाली गेले. तुमी माह्या हातची कुंकवाची डबी घेतली, यायच्या कपायाले मळवट भरला अन् म्हणलं, आमच्या घरी देवी येते. वच्छलाच्या बापानं यायच्या पाया पडून सोयरीक पक्की केली. तईपासून मी मुकी हावो.

पुन्हा अर्ज कराले मुदत हाय. पयला झटका ज्यानं पाह्यला त्याची साक्ष पाह्यजे म्हणते. तुमी पाह्यला. आता तुमचं तुमी समजा. लेकरायले माह्याकडून मुका देजा.

जिजाबाई

आर्वी, १९ जानेवारी १९५८

ती. स्व. दादा व सौ. वहिनी यांचे चरणी सा. न. वि. वि.

वहिनींचं पत्र मिळालं. वहिनींनी लिहवून घेतलं त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. शिकलेल्या मुलाचा भाऊ पाहुण्यांपुढे बंडीखाली रडतो आहे, याची मला लाज वाटली. तुमची काळजी नाही वाटली, लाज वाटली. समोर डबी दिसली आणि मी तुम्हाला देवी करून टाकलं. इथे दर रविवारी मी अंगात येण्याच्या थोतांडावर भाषण करतो आणि टाळ्या घेतो. माझ्याइतका लबाड माणूस आर्वीत दुसरा नसेल.

आधी वच्छलेला सांगितलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. तिने एवढंच विचारलं की, माझा बाप ज्यांच्या पाया पडत होता ते आजारी होते, मग त्यांना कोणी घोटभर पाणी तरी दिलं होतं का? 

साक्ष शपथेवर लिहून काल रजिस्टर टपालाने पाठवली. तिची नक्कल अशी: "माझे थोरले बंधू नत्थू हे सन १९४६ साली फौजेतून आले ते आजारी आले. पहिला झटका मी डोळ्यांनी पाहिला. त्यांच्या अंगात देवी आली असे मी स्वतःच्या लग्नासाठी खोटे सांगितले. गावाने माझ्यावर विश्वास ठेवला, यात गावाचा दोष नाही."

ही नक्कल मी वडनेरला येऊन सगळ्यांपुढे वाचणार आहे. लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही. राहिला असेल तर असू द्यावा.

अपराधी,
प्रेमदास

वडनेर, ४ फेब्रुवारी १९५८

चि. प्रेमदास यास अ. उ. आ.

तुझी नक्कल अन्नपूर्णेने वाचली. "आजारी" या शब्दाशी मी तिला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. इतकी वर्षं मी एक तर देवी होतो, नाही तर भित्रा. आजारी मला कोणी म्हटलं नव्हतं.

आता माझंही ऐक. तू कुंकू लावलंस तेव्हा मला पूर्ण शुद्ध होती. तू डबी जिजाच्या हातातून घेतलीस, तेही मला दिसलं. मी मान हलवून नाही म्हणू शकलो असतो. पण पाहुणे पाया पडले आणि मला ते बरं वाटलं. पुढे नारळही मीच घेतले. तेव्हा अर्धी लाज माझ्याकडे दे, एकट्याने वाहू नकोस.

काल मी केळझरला जाऊन आलो. व्याह्यांपुढे बसलो आणि सगळं सांगितलं, खेचरगाडीसुद्धा.  मी म्हटलं, सोयरीक मोडायची असेल तर आजच मोडा, पोरीला मी सांगतो. त्यांनी विचारलं का तुमाले तरास कायचा होते. मी म्हटलं, फटाक्याच्या बाराचा. मग त्यांनी मुलाला हाक मारली आणि सांगितलं का लग्नात फटाके आणाचे नाई, नवरीच्या बापाले लढाईचा आजार हाय.

पेन्शनचं काय व्हायचं ते होवो. लग्न बुद्धपौर्णिमेला आहे. तू आणि वच्छला चार दिवस आधी या. आणि बाबा, मांडवात माझ्याजवळ बस. फटाके नसले तरी बँडवाले ढोल आणतीलच.

तुझा,
नत्थूदादा