तेरा वाजून वीस

सर, तुम्हाला जाऊन फार वर्षं झाली. आज कपाट आवरताना तुम्ही दिलेली वही हाती आली आणि पहिल्या पानावरचं ते लेबल पाहून बसूनच राहिलो. बाटलीवर लावायचं साधं लेबल, मागची बाजू कोरी, तिच्यावर माझं अक्षर. आपल्या औषधाच्या कारखान्यात तेव्हा नवा नियम आला होता: तारखेत महिना अक्षरात, वर्षाचे चारही आकडे, वेळ चोवीस तासांची, आणि काम होताक्षणी नोंद. शिकवणीच्या दिवशी मी रजेवर होतो. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तुम्ही डबा बाजूला सारून लेबल पुढे केलंत. "लिही कविराज, आता किती वाजले?" एक वीस, मी म्हणालो. "रातचे का दुपारचे? कागदाले काय माहीत?" मग मी ०४ ऑगस्ट १९९९, १३:२० असं लिहिलं आणि कुरकुरलो, "सर, हे स्टेशनवर उभं असल्यासारखं वाटते." तुम्ही म्हणालात, "मग गाडी त चुकत नाई नं!"

मला मात्र ते रुचलं नाही. शाळेत पाठ केलेल्या कवितांमधली सांज, ती तुळशीपुढची पणती, तिला एकोणीस म्हणायचं? मी यमक जुळवलं, 'एकोणीस वाजता दिवा लावू, वीस वाजता वरण खाऊ', आणि सगळा विभाग ते तुमच्या पाठीमागे म्हणू लागला. एक दिवस तुम्ही दारात उभे. मी म्हणता म्हणता थांबलो. तुम्ही बोटांवर मोजून म्हणालात, "दुसऱ्या ओळीत एक अक्षर कमी पडून राह्यलं. पाह्य बरं." आणि हसत निघून गेलात.

पुढे तो डबल ड्यूटीचा दिवस. इंजेक्शनच्या दोन लॉटना मी वाफेच्या यंत्रात निर्जंतुक केलं, एक सकाळी, एक संध्याकाळी. नोंद तेव्हाच्या तेव्हा केली नाही. खिडकीशी उभा राहून त्या कमी पडलेल्या अक्षराची जुळवाजुळव करत होतो. घरी निघताना दोन्ही कागद एकदम भरले, जुन्या सवयीनं, दोन्हींवर यंत्र सुरू केल्याची वेळ नुसती ७.१०. त्या संध्याकाळी साडेसातला वीज गेली होती आणि यंत्र मधेच थंडावलं होतं. कच्चा राहिलेला लॉट कोणता, हे कागद सांगेना. तुम्ही मला बाजूला नेऊन विचारलंत, "खरं सांगजो. आठवते का?" आठवत नव्हतं. "मग दोन्ही फेकू. माणसाच्या नसेत जाते हे, अंदाजानं नाई चालत."

चौकशीला वरचे साहेब आले. टेबलाच्या पलीकडे तुम्ही, अलीकडे मी. साहेबांनी मला विचारलं, "नवी पद्धत तुम्हाला शिकवली होती का?" हो म्हटलं तर नोकरी जाणार, हे मला दिसत होतं. समोर उघडलेल्या शिकवणीच्या रजिस्टरात माझ्या नावापुढची सहीची जागा कोरी होती. मी म्हणालो, "नाही साहेब, मला कोणी शिकवलं नाही." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग साहेबांना म्हणालात, "रजिस्टरात सही नाई, म्हणजे शिकवलं नाई. चूक माझी हाय." महिन्याभरात तुमची बदली गोदामात झाली आणि रिटायर होईपर्यंत तुम्ही तिथे खोकी मोजत राहिलात. माझी नोकरी टिकली.

निरोपाच्या दिवशी तुम्ही ही वही दिलीत. "कविता लिहशील त खाली तारीख टाकजो," एवढंच म्हणालात. घरी येऊन उघडली तर पहिल्या पानावर ते लेबल चिकटवलेलं. म्हणजे चौकशीच्या वेळी ते तुमच्याजवळ होतं. माझ्या अक्षरात, तारखेसकट, वेळेसकट. खिशातून काढून टेबलावर ठेवलं असतं तर मी त्याच दिवशी गेटाबाहेर असतो.

त्यानंतर एकदा मी बोरगाव मेघेला तुमच्या घरी आलो होतो, आठवतं? माफी मागायला आलो होतो. चहा घेतला, कापसाच्या भावावर बोललो आणि उठलो. फाटकापर्यंत सोडायला येऊन तुम्ही म्हणालात, "येत जाजो." मी पुन्हा आलो नाही.

या वहीत आजवर एकही कविता लिहिली नाही. हे पत्र मात्र तिच्यातच लिहिलं, लेबलाच्या मागच्या पानावर. तुम्ही सांगितलं होतं तशी खाली तारीख टाकायला पेन टेकवला आणि उचलला. तारीख टाकली की लेबलापासून आजपर्यंतची वर्षं कोणीही मोजेल. तेवढी जागा, सर, मी कोरीच ठेवतो आहे.