गळ कशासाठी

कसबा बावडा
९ नोव्हेंबर १९८३

प्रिय हुसेनबी,

नजीराच्या हातचं तुझं पत्र दिवाळीच्या आदल्या दिवशी पोचलं. मीरासाबभाऊ गेल्याचं मला त्या पत्रातूनच कळलं. महिना होत आला आणि मला पत्ता नाही. मिरज काही लांब नाही, पण बातमी सांगणारं मधलं माणूस आपल्या दोन घरांत आता कुणी उरलं नाही. दिवाळी कशी झाली ते विचारू नकोस. सुनेनं करंज्या केल्या, नातवंडांनी फटाके उडवले, मी आत बसून राहिले.

हे पत्रसुद्धा नजीराच तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सांगते. नजीरा, बाळ, मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नकोस. आईला वाईट वाटेल म्हणून गाळावंसं वाटेल. तरी गाळू नकोस. तिला स्वतःला वाचता येत असतं तर तुला मी या जागी उभं केलं नसतं.

हुसेनबी, तू लिहिलंस की सतरा तारखेला, गुरुवारी चाळिसावा आहे, बनाक्का, तू ये आणि माझ्याजवळ चार दिवस राहा. पुढं लिहिलंस की कृष्णातला मात्र आणू नकोस. त्याच्या तोंडावर त्याचा बाप दिसतो, आणि ज्यानं माझ्या माणसाला पोटासाठीचा ठरवून चारचौघांत खाली बघायला लावलं, त्याच्या घरचा मुलगा मला त्या दिवशी दारात नको. बरोबर लिहिलंस. तुला जेवढं ठाऊक आहे त्यात दुसरं काही लिहिता येणार नाही. कृष्णातला मी अजून हे सांगितलं नाही. भाऊ गेले म्हटल्यावर तो गोठ्यात जाऊन रडला, आणि त्यानं कारखान्यात गुरुवारची रजा मागून ठेवली. रोज विचारतो, आई, कुठल्या एसटीनं जायचं? मी म्हणते, बघू.

तुला बावड्यातले ते रविवार आठवत असतील. दूध घालून झालं की मालक गळाची काठी खांद्यावर टाकायचे आणि तुमच्या दारात उभे राहून ओरडायचे, “मीरासाब, उठलास का भट्टीतच झोपलास?” आतून भाऊ म्हणायचे, “तुझ्या म्हशींनी सोडलं म्हणायचं आज!” मग दोघं कणकेच्या गोळ्या आणि गांडुळांचा डबा घेऊन तळ्यावर. तो डबा मालक एकदा चुलीजवळ ठेवून विसरले, तेव्हा तू आणि मी किती हसलो. एरवी आठवडाभर भाऊंचे हात भांड्यांच्या कल्हईनं काळे असायचे. नवसागराच्या धुरानं त्यांना खोकला यायचा. रविवारी मात्र हात घासूनपुसून जायचे. मालक म्हणायचे, हा मासे धरायला चाललाय का सोयरिकीला?

तुझ्या घरात आमच्या हातचं मटण चालत नव्हतं. ते तुमच्या रीतीनं कापलेलं असावं लागतं, हे मला तूच समजावून सांगितलंस. पण मासळीला ते काही लागत नाही. ती कुणीही धरली तरी तुमच्यात चालते. म्हणून आपल्या दोन घरांत पातेल्यातून ये-जा करणारी एकच वस्तू होती, मासा. श्रावणात आमच्याकडं खात नसत, तरी मालकांना तळ्यावर गेल्याशिवाय राहवायचं नाही. मग तो सगळा मासा तुझ्या पोरांच्या ताटात. बाकीचे महिने भाऊंच्या गळाचा मासा आमच्याकडं यायचा, कारण भाऊ स्वतः मासा खात नव्हते. लहानपणी घशात काटा अडकला होता, तेव्हापासून कधीच नाही. तू पत्रात लिहिलंस की माझ्या माणसानं जन्मात मासा चाखला नाही, त्याला पोटासाठीचा म्हणाले. हुसेनबी, ते मला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

भाऊंचं मासे धरणं मी दोनदाच बघितलं, तळ्याच्या अंगाला वैरण कापायला गेले होते तेव्हा. मालक सारखे काठी उचलून बघायचे. भाऊ बसले की बसलेच. गळाच्या दोऱ्याला बांधलेला जोंधळ्याच्या ताटाचा तुकडा पाण्यावर तरंगत असायचा, त्याच्याकडं बघत. एकदा हातभर मरळ लागली, ती त्यांनी वर काढली, उन्हात धरली, मालकांना म्हणाले, “बघ की, अंगावर कशी नक्षी हाय,” आणि सोडून दिली. मालक दिवसभर शिव्या घालत होते. आमची कालवणाची मरळ गेली ना! आमच्या घराला चव हवी होती आणि तुमच्या घराला बघायची हौस होती. हे मी आज लिहिते आहे. त्या दिवशी मीसुद्धा मालकांच्या बाजूनंच बोलले होते.

मग एकोणसत्तर साली गळ टाकणाऱ्या हौशी लोकांचं ते मंडळ निघालं. तळ्याचा ठेका मच्छीमार सोसायटीला गेला, तेव्हा मंडळाच्या हंबीररावांनी कचेरीत खेटे घालून उत्तरेचा काठ रविवारपुरता मागून घेतला. अट एकच, तिथं फक्त हौशी लोकांनी बसायचं. विकायला किंवा पोटासाठी मासे धरणाऱ्याला परवाना नाही. अट चुकीची नव्हती, सोसायटीच्या लोकांचं त्यावरच चालायचं. बारा जणांची यादी करून पाठवायची होती. नाव, वय, धंदा आणि शेवटचा रकाना, ‘गळ कशासाठी’. हंबीररावांचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. ते मालकांना म्हणाले, “ज्ञानू, तुझी बायको वाचती-लिवती म्हणं. तिच्याकडनं चांगल्या अक्षरात काढून आण.” मालकांना केवढा अभिमान! त्यांना सहीपुरतं यायचं, तेही नाव लिहून झालं की घाम पुसायचे. दुकानातून कागद आणि नवी दौत आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि पोरांना बाहेर हाकललं, आई लिहिते आहे म्हणून.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तू घरात होतीस, काठावर नव्हतीस. यादी मंजूर होऊन आली त्यात अकरा नावं. भाऊंच्या नावावर लाल रेघ. त्या रविवारी भाऊ नेहमीसारखे गेले, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. राखणदारानं सगळ्यांसमोर परवाना मागितला. भाऊ म्हणाले, माझंबी नाव हाय की यादीत. राखणदारानं यादी वाचली, म्हणाला, “तुमच्यापुढं पोटासाठी लिवलंय.” यादीतलेच गणपतराव तिथं बसले होते. ते म्हणाले, “कल्हईवाल्याला कसली रं हौस? त्याची हौस चुलीवर!” आणि सगळे हसले. हे मालकांनी मला स्वतः सांगितलं. म्हणाले, मी तोंड उघडीस्तोवर मीरासाब दोरा गुंडाळून चालाय लागला हुता.

मालक तिथून सरळ हंबीररावांच्या घरी गेले. नाव दुरुस्त करून पाठवा म्हणाले. हंबीरराव म्हणाले, यादी गेली ती गेली. पुढच्या वर्षी बघू. खरं सांगायचं तर ते कुणाला दुरुस्त करायचंच नव्हतं. चूक झाली ती त्यांच्या सोयीचीच झाली. अकरा जणांतल्या एकानंही म्हटलं नाही की आमच्यात मीरासाबएवढा हौशी दुसरा नाही. मालकांनी आपला परवाना तिथंच त्यांच्या पायरीवर ठेवला आणि घरी आले. त्यानंतर बारा वर्षं ते जगले, पण तळ्यावर गेले नाहीत. रविवारी दूध घालून आले की दारातल्या दगडावर बसायचे आणि म्हशीची दावी वळत राहायचे. घरात दाव्यांचा ढीग झाला, इतक्या म्हशी कुठं होत्या आमच्या?

त्याच रविवारी संध्याकाळी भाऊ आमच्याकडं आले, हे तुला भाऊंनी सांगितलं होतं. त्यांनी विचारलं आणि मालक म्हणाले, माझी चूक. तेवढंच धरून तू चौदा वर्षं बसलीस. मी त्या वेळी दारात उभी होते. भाऊंनी विचारलं, “ज्ञानू, ते कुणी लिवलं रं?” मालक म्हणाले, “माझी चूक हाय, मीरासाब.” भाऊ मालकांकडं बघत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. मग सावकाश म्हणाले, “व्हय. तुझीच म्हणायची.” आणि गेले. वर्षाच्या आत तुम्ही मिरजेला तुझ्या भावाकडं गेलात. तू मला पत्रं पाठवत राहिलीस, मालकांना तू दाजी म्हणायचीस, त्या दाजींचं नाव मात्र एकाही पत्रात नाही. मी उत्तरं लिहीत राहिले. त्यात पाऊसपाणी लिहिलं, पोरांच्या शाळा लिहिल्या.

मालक गेले त्याला आता दोन वर्षं झाली. सवय झाली म्हणतात लोक. मला झालेली नाही, पण कामं होतात. दोन माणसांपुरती भाकरी थापायची सवय जात नाही, एक उरते, ती म्हशीला घालते. पुस्तकं वाचते. वाचनालयातला पोरगा आता विचारत नाही की आजी, हे कुणासाठी. पण हुसेनबी, वाचता येणं ही काय चीज आहे ते मी कुणापेक्षाही जास्त जाणते. म्हणून आता लिहिते.

मालक गेल्यावर तिसऱ्या दिवशी, रक्षा सावडून आम्ही घाटावरून घरी आलो, तर भाऊ दारात बसलेले. तुला ते इचलकरंजीला कथील आणायला जातो म्हणून सांगून आले होते. तुझ्याशी खोटं बोलले, त्यांना माफ कर. कृष्णात पाणी आणायला आत गेला तेव्हा ते मला म्हणाले, “वहिनी, मला त्याच दिवशी कळलं हुतं. तुमचा ठ मी वळखतो.” मी अक्षरं शिकले ती किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. तसल्या कुठल्याशा कागदावर ठ च्या पोटात शाईचा डाग होता. मला वाटलं ठ असाच काढायचा, मध्ये ठिपका देऊन. अजून तसाच निघतो. नजीरा, या पत्रातही बघ. तुझ्या माहेरची पत्रं मी लिहायचे आणि भाऊ ती पेटीत टाकायचे. मंडळाच्या फळीवर यादी लागली होती, ती त्यांनी त्या रविवारी काठावरून परतताना बघितली होती. आणि मालकांना लिहिता येत नाही हे सगळ्या बावड्याला ठाऊक होतं, भाऊंना ठाऊक नसणार? ते म्हणाले, “त्यानं झाकलं, मीबी झाकलं. हुसेनबीला तुमच्याबिगर मैतरीण न्हाय. आता तुम्हीबी झाका.” चहासुद्धा न घेता गेले.

दोन वर्षं मी झाकलं. आता सांगते. हंबीररावांच्या कच्च्या कागदावर अकरा नावांपुढं हौस लिहिलेलं होतं. भाऊंच्या नावापुढं जागा मोकळी होती. विसरले असतील किंवा मुद्दाम सोडली असेल, ते मला कळलं नाही. मी कुणाला विचारलं नाही. मालक बाहेर अंगणात होते, हाक मारली असती तरी आले असते. मी दौतीत बोरू बुडवला आणि लिहिलं, पोटासाठी. पुष्कळ वर्षं मी मनाला समजावलं की गरिबाकडं बघून कचेरीवाले सवलत देतील, असं मला वाटलं होतं. ते खोटं आहे. मला काहीच वाटलं नव्हतं. मासा न खाणारा माणूस मला ठाऊक होता, मरळ सोडून देणारा माणूस मी डोळ्यांनी बघितला होता, आणि तरी कल्हई करणाऱ्या मुसलमानाच्या नावापुढं माझा हात आपोआप तेच लिहून गेला. तुमच्या घराला हौस असेल असं माझ्या हातालाच आलं नाही. गणपतराव तोंडानं बोलले ते मी त्यांच्या आधी चांगल्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. मालकांनी तो कच्चा कागद हंबीररावांकडं बघितला. घरी येऊन एवढंच म्हणाले, “मोकळी जागा हुती गं.” पुन्हा तो विषय काढला नाही. मला एकदाही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा हुसेनबी, तू बोलावलं आहेस ते चुकीच्या माणसाला, आणि अडवलं आहेस तेही चुकीच्या माणसाला. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. गुरुवारी कृष्णात येईल. त्याला दारात अडवू नकोस. त्याच्या तोंडावर त्याचा बाप दिसेल, तो बघ. भाऊंच्या माणसांत त्याला जेवायला बसव, आणि दाजींचा मुलगा म्हणून बसव. त्याला यातलं काही ठाऊक नाही, तो येईल तेव्हा तूच सांग किंवा सांगू नकोस, तो हक्क आता तुझा आहे. मी येत नाही. तू हे सगळं ऐकून पुन्हा बोलावलंस तर येईन, आणि नाही बोलावलंस तर का म्हणून विचारणार नाही.

तू म्हणशील तोवर तुझीच,
बनाक्का