मेरिमच्या पायांतली दोरी

प्रिय बुरुल,

हे पत्र टपालात पडणार नाही. आलेली पत्रं तुझा नवरा सगळ्या घराला मोठ्यानं वाचून दाखवतो, असं ऐकलंय.

माझी नात मेरिम. तिच्या खुब्याच्या हाडाला रक्त पोचेनासं झालं होतं; हाड ठिसूळ होऊन चेपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहान आहे, हाड पुन्हा भरून येईल. तोवर धावायचं मात्र नाही." दोन वर्षं मी तिच्यामागे "हळू, बाळा, हळू" करत फिरलो. परवा नवा एक्स-रे पाहून बाई हसल्या, "सोडा आता तिला!"

मी ठरवलं, मूल पहिली पावलं टाकतं तेव्हा बांधतो तशी काळी-पांढरी दोरी तिच्या पायांत पुन्हा बांधायची. शर्यत जिंकेल त्यानं ती कापायची, म्हणजे त्याचा वेग मुलाला लागतो.

"एवढ्या मोठ्या घोडीला?" शेजारीण हसली. पण काल गल्लीतली सगळी पोरं धावली. मेरिम बांधल्या पायांनी उभी, आणि वर ओरडतेय, "अरे, लवकर या! दोरी कुजेल माझी!"

पहिल्या आलेल्या पोरानं दोरी कापली आणि मेरिम सुटलीच. माझ्या ओठांवर आलेलं "हळू" मी गिळलं. थेट जर्दाळूच्या झाडांपर्यंत गेली, मागे वळूनही न पाहता. शाळेच्या वाटेवर तू अशीच पळायचीस, आणि मी धापा टाकत, कविता म्हणत तुझ्या मागे.

काल पुन्हा मागे राहिलो, बुरुल. फार बरं वाटलं.

तुझ्या वर्गातला,
सापार