रान घाण दिसलं पाहिजे

४ मार्च
आणि वर दादा मलाच विचारतो, तुला अनुदानातलं काय कळतं. अरे, पाचवी पास आहे मी. तू दहावीला तीनदा बसलास म्हणून काय साहेब झालास? वस्तीचं रान सगळ्यांचं मिळून आहे, राखीव. झाडं, तळं, मधे गवत. नीट राखलं नाही तर नगरपालिका राखीव जागांच्या यादीतून नाव काढणार आणि तिथे ट्रक उभे करणार. आजवर गवत कोण कापतं? अप्पा. दर रविवारी, विळा घेऊन, फुकट. वडिलांचे या वयात कष्ट बघवत नाहीत. म्हणून हे काम आता मी हातात घेतलं. इथून, परगावातून, फोनवरून.

७ मार्च, जेवणाच्या सुट्टीत
गवत कापायच्या अनुदानासाठी दोन अर्ज. एक नगरपालिकेला, एक झाडं वाचवणाऱ्या संस्थेला. संस्थेच्या मॅडमचा आवाज गोड आहे. माहितीची पानं चौदा. तीन वाचली, अंदाज आला. संकल्प: पहाटे उठणे. तंबाखू बंद.

८ मार्च
उठलो नाही. तंबाखू सोमवारपासून.

१२ मार्च
डोकं चाललं. आमच्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात. डाग असेल तिला जास्तीची पावडर, गरम पाणी, दोन माणसं. स्वच्छ चादरीकडे कुणी ढुंकून बघत नाही. रानाचं तेच झालंय. अप्पा इतकं चकाचक ठेवतात, पैसे कोण देणार? दादाला म्हटलं, अनुदान येईपर्यंत गवताला हात लावायचा नाही. तो म्हणाला, तूच सांग त्यांना. सांगितलं. अप्पा म्हणाले, तू बाहेर राहतोस, तुला जास्त कळत असेल.
असं ते मला पहिल्यांदा म्हणाले.

१३ मार्च
माझ्या खोलीत राहणाऱ्या पेंटरला प्लॅन सांगितला. म्हणाला, म्हणजे पैलवानकी शिकायची म्हणून तू आधी उपाशी राहणार. म्हटलं, तू भिंती रंगव.

१० एप्रिल
गवत गुडघ्याच्या वर. दादाने फोटो पाठवले. बरीच प्रगती आहे, पण अजून थोडं वाईट पाहिजे.

२६ एप्रिल
नशीब जोरावर. रान बेवारस दिसतंय म्हणून कुणीतरी पाडलेल्या घराचा राडारोडा टाकून गेलं. वर एक फाटकी गादी. गादीचा फोटो अप्रतिम आलाय. दादा म्हणतो, अप्पा रविवारी कुंपणापर्यंत जातात, उभे राहतात आणि परत येतात. म्हटलं, चालणं तब्येतीला चांगलं.
फोटो दोन्हीकडे पाठवले. नगरपालिकेला तर कळकळीने लिहिलं, ‘या जमिनीकडे कोणीही बघत नाही.’ मॅडमचा फोन नीट ऐकू यावा म्हणून इअरफोन घेतले, हप्त्याने. निधी आल्यावर करायचं भाषणही तयार आहे. नम्र ठेवलंय.

११ मे
मॅडम रान बघून गेल्या. विचारलं, देखभाल कोण करतं. दादा मी पढवल्याप्रमाणे म्हणाला, कोणीच नाही. अप्पा शेजारीच उभे होते. मॅडम म्हणाल्या, जे आधीपासून राखतात त्यांनाच आम्ही मदत करतो. मग दादाची धावपळ, अहो, हे माझे वडीलच कापायचे. मॅडमनी पूर्वीचे फोटो मागितले. कापलेल्या गवताचे फोटो कोण काढून ठेवतं? संस्था गेली.
हरकत नाही. नगरपालिका मोठी आहे.

२ जून
नगरपालिकेचं पत्र आलं. दादाने फोनवर वाचून दाखवलं. पैसे फक्त नव्या कामाला मिळतात. गेट, बोर्ड, बाक. गवत कापायला मिळत नाहीत. पुढे, अर्जदाराने स्वतः पाठवलेल्या फोटोंवरून जमीन कोणी राखत नाही हे स्पष्ट होते, सबब यादीतून नाव का काढू नये. अर्जदार म्हणजे मी. नंतर दादाने शिव्या घातल्या. मी फोन लांब ठेवला, पण इअरफोन कानातच राहिले होते.

९ जून
संकल्प: रजा घेऊन जाणे, रान स्वतः साफ करणे. सुपरवायझर म्हणाला, खुशाल जा, परत येऊ नकोस. थांबलो. लांबून लक्ष ठेवणारं माणूसही लागतंच.

१४ जून
अप्पांनी एकट्यानेच राडारोडा उचलायला घेतला. दादा कामावर, बाकी वस्ती बघत बसली. आज कंबर धरली. पडून आहेत.

२० जुलै
नाव निघालं. तळं बुजवलं. ट्रक उभे राहायला लागले. ठेकेदाराने अप्पांना निरोप दिलाय, बरं वाटलं की आवार झाडायला या, पगार देतो. मी दादाला म्हटलं, बघ, शेवटी देखभालीला पैसे सुटलेच की. दादाने फोन अप्पांना दिला.
अप्पांनी विचारलं, जेवलास का. हो म्हटलं. त्यांच्या मागे ट्रक रिव्हर्स घेत असल्याचा आवाज येत होता.
कंबरेचा पट्टा आणि औषधं मिळून तीन हजार, असं दादाने नंतर कळवलं. सगळे मीच देणार होतो. उचल आणि भाडं कापून हातात जे आलं त्यातले आठशे पाठवतोय.